साका बसला म्हणजे डिनॅच्युरेशन झालं का? प्रथिनांचे वर्गात करून दाखवायचे प्रयोग

परीक्षानळी (फोंडा)

बारावीच्या पाठ्यपुस्तकात डिनॅच्युरेशनची दोन उदाहरणं असतात: उकडलेलं अंडं आणि नासलेलं दूध. प्रॅक्टिकलला मग चार नळ्या लावल्या जातात. एक तापवायची, एकीत स्पिरिट, एकीत आम्ल, एकीत मोरचूद (कॉपर सल्फेट). चारही पांढुरक्या झाल्या की वहीत चार वेळा 'डिनॅच्युरेशन' लिहून मोकळे. यात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाखाली जातात. प्रथिनाची घडी उलगडणं, म्हणजे खरं डिनॅच्युरेशन, ही एक, आणि प्रथिन पाण्यातून बाहेर पडून साका बसणं ही दुसरी. एकीशिवाय दुसरी होऊ शकते, आणि हे स्वस्तात दाखवता येतं. तसे प्रयोग प्रमाणांसह एकत्र यावेत म्हणून हा धागा.

सुरुवात मूळ द्रावणापासून, कारण निम्मे प्रयोग तिथेच बिघडतात.

एका अंड्याचं पांढरं साधारण ३० ते ३५ मिली भरतं. त्यात प्रथिन सुमारे १० टक्के, बाकी जवळजवळ सगळं पाणी. ते फेटायचं नाही. फेटलं की फेसाच्या पृष्ठभागावरच प्रथिन उलगडतं आणि द्रावण आधीच गढूळ होतं. कात्रीने घट्ट भाग कापत जा, मग १५० मिली पाण्यात काचकांडीने हळू ढवळा. पाणी साधं किंवा डिस्टिल्ड नको, ०.९ टक्के मिठाचं हवं (१०० मिलीला ०.९ ग्रॅम). मीठ नसेल तर ओव्होम्युसिन आणि ग्लोब्युलिन ही पांढऱ्यातली प्रथिनं विरघळलेली राहत नाहीत, पांढरे धागे सुटतात, आणि तापवण्याआधीच साका दिसतो. शेवटी दुहेरी मलमलीतून गाळा. मिळतं ते सुमारे २ टक्के प्रथिनाचं, किंचित निळसर झाक असलेलं द्रावण. फ्रिजमध्ये एक दिवस टिकतं. दुसऱ्या दिवशी ताजं करा.

खाजन

मिठाबद्दल जोड. मिठागराचं जाडं मीठ चालतं, पण त्यात चिखलाचा अंश असतो. विरघळवून फिल्टर पेपरमधून गाळल्याशिवाय वापरू नये, नाहीतर तळाशी बसलेली माती मुलं अवक्षेप म्हणून लिहितात.

एक प्रश्न. द्रावण उकळीपर्यंत तापवूनही नुसतं निळसर-धुरकट होतं, गुठळ्या येत नाहीत, ही तक्रार दरवर्षी असते. अंडं शिळं म्हणून का?

आल्बुमिन

हो, बऱ्याच अंशी शिळ्या अंड्यामुळेच. ताज्या अंड्याच्या पांढऱ्याचा पीएच ७.६ च्या आसपास असतो. कवचातून कार्बन डायऑक्साइड उडत राहतो तसा तो ९ च्या वर जातो. ओव्हाल्ब्युमिन हे पांढऱ्यातलं मुख्य प्रथिन. त्याचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या पीएचला रेणूवरचा एकूण प्रभार शून्य होतो तो, सुमारे ४.५. पीएच त्याच्यापासून जितका दूर, तितका रेणूंवर एकाच जातीचा प्रभार जास्त आणि ते एकमेकांना दूर ठेवतात. तापल्यावर घडी उलगडलेली असते, पण उलगडलेले रेणू एकमेकांना चिकटायला जवळच येत नाहीत. द्रावणात मीठ कमी असेल तर हे आणखी जाणवतं.

उपाय: ५ मिली द्रावणाला १ टक्का ॲसेटिक आम्लाचे दोन-तीन थेंब, मग तापवा. लगेच गुठळ्या धरतात. थेंब मोजूनच घालायचे. जास्त झालं तर पीएच समविद्युत बिंदू ओलांडून खाली जातो, रेणूंवर आता धन प्रभार येतो आणि द्रावण पुन्हा स्वच्छ राहतं. घरचं माडाच्या सुरेचं व्हिनेगर घेऊ नका, ते मुळातच गढूळ असतं. बाजारातलं पांढरं व्हिनेगर ४ टक्के असतं, ते चौपट पातळ करा.

आणि नळी पूर्ण भरून तळाशी ज्योत धरू नका, द्रावण फेसाळून उसळतं. नळी दोन-तृतीयांश भरा, तिरकी धरा, वरचाच भाग तापवा. वर पांढरं आणि खाली स्वच्छ, अशी तुलना एकाच नळीत मिळते. नळीचं तोंड भिंतीकडे.

परीक्षानळी (फोंडा)

म्हणजे गुठळ्या न येणारी ती 'फसलेली' नळी हाच खरा धडा आहे. घडी उलगडली, साका नाही.

आल्बुमिन

तंतोतंत. मुद्दाम करायचं असेल तर असं करा.

गाळलेलं द्रावण डिस्टिल्ड पाण्याने तिप्पट पातळ करा, म्हणजे मीठही कमी होतं. धागे सुटले तर पुन्हा गाळा. तीन नळ्यांत प्रत्येकी ३ मिली घ्या. पहिलीत १ मिली ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसरीत १ मिली ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड, तिसरीत १ मिली पाणी आणि पातळ ॲसेटिक आम्लाचा एखादा थेंब. तिन्ही उकळत्या पाण्यात ५ मिनिटं ठेवा. तिसरीत गुठळ्या येतात. पहिली दोन स्वच्छ, फार तर निळसर राहतात. इथे मुलांना विचारा: कोणत्या नळ्यांतलं प्रथिन उलगडलं? बहुतेक जण तिसरी म्हणतील.

मग पहिली नळी गार करून तिच्यात ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंब-थेंब घाला. आठ-दहा थेंबांपर्यंत काहीच होत नाही. पुढे एका थेंबाला द्रावणात धुराची रेघ उमटते, हलवल्यावर विरते. आणखी दोन-चार थेंबांनी रेघ विरत नाही, आणि मग नळीभर पांढरे पुंजके एकदम धरतात. न तापवलेल्या नळीत हेच आम्ल आणि हाच अल्कली घातला तर इतका दाट साका येत नाही. म्हणजे घडी पहिल्याच नळीत मोडली होती, प्रभारामुळे ती झाकलेली होती.

अल्कली आणखी घाला, पुंजके पुन्हा विरघळतात. पण पुंजके असतानाच नळी उकळली तर नंतर विरघळत नाहीत. तिथे रेणू एकमेकांत कायमचे गुंतले.

थेंब घालताना घाई केली की तो टप्पा हुकतो. ड्रॉपर बारीक तोंडाचा घ्या.

मांडवीकाठ

उलट बाजू, म्हणजे साका पण डिनॅच्युरेशन नाही, यासाठी अमोनियम सल्फेटच. प्रथिन खाली बसवण्याच्या ताकदीनुसार हॉफमाइस्टर या शास्त्रज्ञाने १८८८ मध्ये क्षारांचा क्रम लावला तो अंड्याच्या पांढऱ्यावरच.

संपृक्त द्रावण: १०० मिली पाण्याला सुमारे ७७ ग्रॅम (२५ अंशाला). थोडं जास्त घालून, कोमट करून, गार होऊ द्या. तळाशी स्फटिक राहिले पाहिजेत. ४ मिली प्रथिन द्रावणात ४ मिली संपृक्त द्रावण घाला. ही अर्धसंपृक्त अवस्था, यात ग्लोब्युलिन बाहेर पडतं. १० मिनिटांनी गाळा. स्वच्छ गाळलेल्यातले ५ मिली घेऊन त्यात साधारण २ ग्रॅम बारीक केलेलं अमोनियम सल्फेट थोडं-थोडं विरघळवा. आता ओव्हाल्ब्युमिनचा साका येतो.

पुढची पायरी बहुतेक ठिकाणी गाळली जाते आणि तीच महत्त्वाची आहे: हा साका असलेली नळी पाचपट पाणी घालून हलवा. स्वच्छ होते. शेजारी तापवलेली पांढरी नळी ठेवा आणि तिलाही तितकंच पाणी घाला. 'पाणी घातलं म्हणून फिकट दिसतं' ही शंका मग उरत नाही, कारण तिच्यातल्या गुठळ्या तशाच असतात. क्षाराने रेणूभोवतालचं पाणी ओढून घेतलं होतं, घडी मोडली नव्हती. पाणी परत दिलं, रेणू परत विरघळले.

दोन धोके. खताच्या दुकानातलं अमोनियम सल्फेट मळकट असतं, प्रयोगशाळेचंच घ्या. आणि या नळीवर सरळ बाययुरेट चाचणी (अल्कली आणि मोरचुदाने प्रथिन जांभळ्या रंगावरून ओळखायची) करू नका. अल्कली घालताच अमोनिया सुटतो, तांब्याशी गडद निळा संयुग करतो आणि जांभळा रंग त्यात बुडून जातो. करायचीच तर ४० टक्के सोडियम हायड्रॉक्साइड भरपूर घालावं लागतं. वर्गासाठी ते टाळावं.

सोलकढी

स्पिरिटबद्दल कोणी लिहिलं नाही. रेक्टिफाइड स्पिरिटला अबकारी परवाना लागतो, म्हणून विचारते. आणि दरवर्षी कोणीतरी फेणी आणू का म्हणून विचारतंच.

मांडवीकाठ

आयसोप्रोपाइल अल्कोहोल ९९ टक्के घ्या, काम तेच होतं. २ मिली द्रावणाला ४ मिली, बर्फात गार केलेलं. साका लगेच येतो. त्याचे दोन भाग करा. एक भाग ताबडतोब २० मिली गार पाण्यात ओता, दुसरा १५ मिनिटं टेबलावर ठेवून मग तितक्याच पाण्यात ओता. पहिला बराचसा निवळतो, दुसरा नाही. अल्कोहोल आधी रेणू बाहेर काढतं आणि मग उलगडतं. दोन पायऱ्या वेळेने वेगळ्या झालेल्या इथे दिसतात. खोलीत ३० अंश तापमान असेल तर दुसरी पायरी लवकर गाठली जाते, म्हणून बर्फ हवाच. टेबलावर बर्नर पेटता नको.

फेणीत अल्कोहोल ४२.८ टक्के. दोनास चार प्रमाणात मिसळलं की अंतिम प्रमाण २८ टक्क्यांवर येतं, द्रावण जेमतेम धूसर होतं. उर्राक (काजूची पहिल्या धारेची दारू) तर त्याहून पातळ. प्रयोग म्हणून कमकुवत, आणि दारू वर्गात आणू नयेच. हँड सॅनिटायझरही नको, त्यातली जेल सगळं बुळबुळीत करून टाकते.

खाजन

फेणी नाही, पण नीरो (काजूच्या बोंडांचा रस) जरूर आणा. काजूच्या हंगामात बोंडांचा ताजा रस घसा धरतो, तो त्यातल्या टॅनिनमुळे. लाळेतल्या प्रथिनांना टॅनिन धरतं आणि तोंड कोरडं पडतं. हेच नळीत दाखवता येतं.

खाण्याचं साधं जिलेटिन १ ग्रॅम १०० मिली पाण्यात फुगवून कोमट करून विरघळवा, त्यात १० ग्रॅम मीठ घाला. दोन मिली जिलेटिनला दोन मिली गाळलेला नीरो. गढूळपणा येतो, थोड्या वेळाने पुंजके खाली बसतात. शेजारच्या नळीत जिलेटिन आणि पातळ व्हिनेगर. ती स्वच्छ राहते, म्हणजे साका आंबटपणामुळे आला नाही हे कळतं. हंगाम नसेल तर १०० मिली पाण्यात दोन चमचे चहाची पूड ५ मिनिटं उकळून, गार करून, गाळून घ्या. काजूचा रस निवळण्यासाठी जिलेटिन वापरतात ते याच तत्त्वावर.

मला हा प्रयोग सगळ्यांत आवडतो, कारण जिलेटिन हे आधीच उलगडलेलं कोलॅजन आहे. मोडायला घडीच उरलेली नाही. तापवा, गुठळी नाही. आम्ल घाला, गुठळी नाही. टॅनिन मात्र त्याला खाली बसवतं.

दूधसागर

मग पाठ्यपुस्तकातल्या दुधाचं काय करायचं? विरजणाचं उदाहरण परीक्षेत लिहायचंच असतं.

आल्बुमिन

लिहू द्या, गुण जायला नकोत. पण वर्गात दाखवताना दुधाचे दोन भाग वेगळे करा.

दुधात प्रथिन साधारण ३.३ टक्के, त्यातलं सुमारे ८० टक्के केसीन. केसीनला पक्की घडी जवळजवळ नाहीच. ते कॅल्शियम फॉस्फेटसह गोळ्या करून तरंगत असतं. आम्लाने पीएच ४.६ ला आला की प्रभार शून्य होतो, कॅल्शियम फॉस्फेट सुटतं, केसीन खाली येतं. हा समविद्युत बिंदूवरचा साका.

१०० मिली साय नसलेलं दूध ४० अंशाला आणा. ढवळत-ढवळत पांढरं व्हिनेगर घाला, ८ ते १० मिलीच्या आसपास फाटतं. निवळी हिरवट-पिवळी दिसली की थांबा. चोथा कापडातून गाळून पाण्याने धुवा. त्यातला चमचाभर २० मिली पाण्यात घेऊन खाण्याचा सोडा चिमटी-चिमटीने घाला, कोमट करा. पुन्हा दुधाळ द्रावण होतं. व्हिनेगर घाला, पुन्हा साका. पाहिजे तितक्या वेळा करा.

आता खाली राहिलेली निवळी वेगळ्या भांड्यात उकळा. ८५ ते ९० अंशांवर तिच्यात बारीक पांढरे कण धरतात. हे बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन वगैरे, आणि हे खरं उष्णतेचं डिनॅच्युरेशन. सोड्याने ते परत विरघळवून बघा, केसीनसारखं सहज जात नाही.

कण आलेच नाहीत तर दूध आधी उकळलेलं होतं. उकळताना ही प्रथिनं उलगडून केसीनला चिकटतात आणि चोथ्यातच निघून जातात. पिशवीचं पाश्चराइज्ड दूध न उकळता वापरा. जास्त तापवून खोक्यात भरलेलं दीर्घकाळ टिकणारं दूध नको.

सोलकढी

नारळाच्या रसाचं का नको? आगळ (कोकमाचा आंबट रस) घातलेला रस तापवला की फुटतो हे सगळ्या मुलांना घरी माहीत असतं.

आल्बुमिन

ताई, बोलण्यात जरूर आणा, नळीत आणू नका. नारळाच्या रसात चरबीचे थेंब प्रथिनांच्या वेष्टनामुळे वेगळे राहतात. साधारण ८० अंशांपुढे ते वेष्टन उलगडतं आणि आगळाच्या आंबटपणाने त्याचा प्रभारही जातो, म्हणून रस फुटतो. पण डोळ्यांना दिसते ती वर आलेली चरबी. प्रथिनाचं काय झालं ते तिच्याखाली झाकलेलं राहतं.

मांडवीकाठ

समविद्युत बिंदू आकड्यांत दाखवायचा असेल तर केसीनची जुनी पद्धत अजूनही उत्तम. शुद्ध केसीन ०.२५ ग्रॅम, पाणी २० मिली, १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड ५ मिली. पूर्ण विरघळू द्या. मग १ नॉर्मल ॲसेटिक आम्ल ५ मिली, ढवळत, हळू. पाण्याने ५० मिली करा. पाच नळ्यांत ०.१ नॉर्मल ॲसेटिक आम्ल अनुक्रमे ०.२५, ०.५, १, २ आणि ४ मिली, प्रत्येकीत पाणी घालून ९ मिली करा. प्रत्येकीत १ मिली केसीन द्रावण घालून लगेच उलटसुलट करा. पीएच येतात ५.३, ५.०, ४.७, ४.४, ४.१. मधली नळी सर्वांत गढूळ, ती सर्वांत आधी बसते. पीएच मीटर लागत नाही. केसीन अर्धवट विरघळलेलं असेल तर पाचही नळ्या गढूळ दिसतात, तिथे घाई करू नका.

दूधसागर

जड धातूंची नळी ठेवायची का? जुन्या मॅन्युअलात मर्क्युरिक क्लोराइड आणि लेड ॲसेटेट आहे.

परीक्षानळी (फोंडा)

दोन्ही काढून टाका, शाळेत त्यांची विल्हेवाट लावायला सोय नसते. पिक्रिक आम्लही नको, वाळलं की स्फोटक. मोरचूद ५ टक्के पुरतं: २ मिली द्रावणाला चार-पाच थेंब, फिकट निळसर साका येतो. थेंब वाढवत गेलात तर तो विरघळूही लागतो, म्हणून मोजून. नळ्यांतलं तांबं एका बाटलीत जमा करा, बेसिनमध्ये ओतू नका.

सिल्व्हर नायट्रेट वापरणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं. आपलं मूळ द्रावण मिठाच्या पाण्यात आहे. सिल्व्हर नायट्रेट पडताच सिल्व्हर क्लोराइडचा दाट पांढरा साका येतो, प्रथिन असो वा नसो. नुसत्या मिठाच्या पाण्याची नळी शेजारी लावली की हे उघड होतं. म्हणून धातूसाठी मोरचूदच बरा.

खाजन

साका न येता घडी मोडते हे दाखवायला आणखी दोन गोष्टी आहेत, दोन्ही घरच्या.

पहिली बटाटा. एक सेंटिमीटरचे दोन तुकडे, एक कच्चा, एक १० मिनिटं उकळून गार केलेला. औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड ६ टक्के असतं, तितकंच पाणी घालून ३ टक्के करा. दोन्ही तुकड्यांवर ५ मिली. कच्चा फेसाळतो, उकडलेला गप्प. पेरॉक्साइड फोडणारं कॅटालेज हे प्रथिन तिथेच आहे, काम करायची घडी गेली.

दुसरी सुंगटांची (कोळंबीची) सालं. मोठी, काळसर पट्ट्यांची घ्या, बारीक पांढऱ्या सुंगटांत रंग कमी असतो. त्या सालात ॲस्टाझँथिन हा नारिंगी रंग क्रस्टासायनिन नावाच्या प्रथिनाने असा पकडून ठेवलेला असतो की तो निळसर-करडा दिसतो. सालाचे तुकडे तीन नळ्यांत: गार पाणी, ८० अंशांचं पाणी, गार आयसोप्रोपाइल. गरम पाण्यात करडा पट्टा कडेपासून आत नारिंगी होत जातो, मिनिटभरात पूर्ण. अल्कोहोलमध्ये हळू, पण थोड्या वेळाने द्रवच नारिंगी होतो, कारण सुटलेला रंग त्यात विरघळतो. गार पाण्यातली साल तशीच करडी. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असली तरी खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या) मानशीवरची, म्हणजे पाण्याच्या दारावर पकडलेली सुंगटं मिळतात, प्रयोग अडत नाही.

दूधसागर

युरियाचा प्रयोग कोणी सांगेल? खताचा युरिया सहज मिळतो.

आल्बुमिन

खताचा नको. २०१५ पासून तो निमाच्या तेलाचा थर देऊनच येतो, द्रावणावर तेलकट तवंग आणि धुरकटपणा राहतो. प्रयोगशाळेचा ४८ ग्रॅम युरिया पाण्यात विरघळवून एकूण १०० मिली करा, म्हणजे ८ मोलर. विरघळताना भांडं गारेगार होतं, कोमट पाण्यात बसवावं लागतं. एक मिली प्रथिन द्रावण ९ मिली युरियात घालून रात्रभर ठेवा. सकाळी स्वच्छच असतं, पण युरियाने घडी उलगडलेली असते. त्यातले २ मिली, पीएच ४.७ च्या ॲसेटेट बफरच्या २० मिलीत ओता. गढूळ होतं. तुलनेला न उलगडलेलं द्रावण तितकंच पातळ करून त्याच बफरमध्ये ओता. ओव्हाल्ब्युमिनला युरियात उलगडायला वेळ लागतो, दहा मिनिटांत बफरमध्ये ओतलं तर फरक दिसणार नाही.

'उलगडलेलं कधीच परत घडत नाही' असं मात्र फळ्यावर लिहू नका. रायबोन्यूक्लिएज हे प्रथिन युरियातून काढल्यावर स्वतःहून पुन्हा घडतं, त्या कामासाठी अँफिन्सन यांना १९७२ चं नोबेल मिळालं. २०१५ मध्ये उकडलेल्या पांढऱ्यातलं लायसोझाइमही युरियात विरघळवून, वेगाने फिरणाऱ्या नळीत पुन्हा घडवून दाखवलं गेलं. आपल्या नळीत परत येत नाही ते गुंत्यामुळे.

सोलकढी

नळ्या धुण्याचं कोणीच लिहिलं नाही. प्रयोगशाळेच्या मदतनीस बाईंना त्याचाच त्रास असतो.

परीक्षानळी (फोंडा)

बरं विचारलंत. कच्च्या द्रावणाच्या नळ्या आधी गार पाण्याने, मगच साबणाने. गरम पाणी आधी घातलं की उरलेलं प्रथिन काचेवर शिजून बसतं. तापवलेल्या नळ्यांत धुण्याच्या सोड्याचं ५ टक्के द्रावण भरून रात्रभर ठेवा, सकाळी ब्रशने निघतं. मोरचुदाच्या नळ्या सोड्यात टाकण्याआधी रिकाम्या करून खळबळा, नाहीतर निळा-हिरवा थर चिकटतो. कच्चं अंडं हाताळलेल्या मुलांनी डबा उघडण्याआधी साबणाने हात धुवावेत, आणि कुणाला अंड्याची ॲलर्जी असेल तर त्याला दुधाच्या टेबलावर बसवा.